अटकेच्या आधीचे काम

दहशतवाद रोखण्यासाठी युरोपीय देशांनी उभारलेले सहकार्य हा विषय हदगावच्या वाचकाला दूरचा वाटला, तर त्यात नवल नाही. हेगमधल्या बैठकांशी आपला काय संबंध, हा प्रश्न रास्तच आहे. पण या भागातल्या जुन्या पिढीने निजामाच्या राजवटीतल्या रझाकारांचा काळ सोसलेला आहे. कालपर्यंतचा साधा माणूस कुणाच्या तरी आवाहनावरून शस्त्र हाती घेतो, हे इथे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

अलीकडचेच पाहा. 6 एप्रिल 2006 रोजी नांदेडच्या पाटबंधारेनगरातल्या एका घरात स्फोट होऊन दोन तरुण दगावले. बॉम्ब तयार करताना तो झाला, असे तपास यंत्रणांचे म्हणणे होते. तपास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडून (एटीएस) सीबीआयकडे गेला आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने हयात आरोपींना निर्दोष सोडले. 2016 मध्ये परभणीतून आयसिसशी संबंधाच्या आरोपावरून तरुणांना अटक झाली. विचारसरणी वेगळ्या, आरोपही वेगळे. खटला मात्र नेहमी घटनेनंतरचा असतो. त्याआधीच्या महिन्यांत घरच्यांना, मित्रांना, मास्तरांना काही जाणवले होते का, आणि जाणवले असेल तर त्यांनी कुणाकडे जावे, या प्रश्नापासून दहशतवाद आधीच रोखण्याचे अभ्यासक्षेत्र सुरू होते.

युरोपला ही जाग मार खाऊनच आली. 11 मार्च 2004 रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले आणि त्याच महिन्यात युरोपीय संघाने दहशतवादविरोधी समन्वयकाचे पद निर्माण केले. योगायोग असा की, महाराष्ट्राची एटीएसही त्याच वर्षी जुलैत स्थापन झाली. पुढे 2016 मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेचे दहशतवादविरोधी केंद्र हेगला सुरू झाले. माझ्या मते मात्र जास्त मोलाचे काम 2011 साली झाले. शिक्षक, समाजसेवक, तुरुंग कर्मचारी, स्थानिक पोलीस अशा थेट माणसांत वावरणाऱ्यांना त्या वर्षी एका जाळ्यात जोडण्यात आले.

वाचकांनी डेन्मार्कमधल्या आरहूस शहरापाशी थोडे रेंगाळावे. तिथे तरुणांना हिंसेकडे वळण्यापासून रोखण्याचे काम पोलीस आणि नगरपालिका मिळून करतात. मुलाचे लक्षण ठीक दिसत नाही असे वाटणारे आईबाप त्यांच्याकडे जाऊ शकतात. मुलाला एक जाणता मार्गदर्शक जोडून दिला जातो. सीरियातल्या युद्धातून परतलेल्या तरुणावर गुन्हा सिद्ध होत नसेल, तर शिक्षण, नोकरी, घर यांसाठी मदत मिळते. हे लाड आहेत, अशी टीकाही झाली. आपल्याकडे 2015 च्या डिसेंबरात आयसिसच्या ऑनलाइन प्रचाराकडे ओढल्या गेलेल्या पुण्याच्या सोळा वर्षांच्या मुलीला एटीएसने अटक केली नाही, समुपदेशन दिले. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचा.

वाचनाची सुरुवात कायद्यांपासून करू नका, कंटाळाल. युरोपोलचा वार्षिक अहवाल आधी घ्या. जिहादी, उजवा, डावा-अराजकवादी, फुटीरतावादी असा प्रत्येक प्रकार त्यात वेगळा मांडलेला असतो आणि फसलेले, उधळलेले कटही मोजलेले असतात. मग ब्रिटनकडे वळा. तिथे 2015 साली शाळांवर दहशतवादाकडे ओढल्या जाऊ शकणाऱ्या मुलांकडे लक्ष ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी आली आणि शिक्षकाने मुलाला शिकवायचे की त्याच्यावर पाळत ठेवायची, असा वाद पेटला. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींसमोर हा वाद मांडून पाहा. ते कोणती बाजू घेतात, ते ऐकण्यासारखे असेल.