रक्ताची वाट मोकळी ठेवणारे कामगार

विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली ती 1867 साली. तेव्हापासून आपल्या भागातला माणूस गाडीत उभे राहण्यात आणि कचेरीत बसून राहण्यात तरबेज झाला आहे. या उठण्याबसण्याचा आपल्या रक्ताशी काय संबंध आहे, हा आजचा विषय. मी डॉक्टर नव्हे. एका कारखान्यात आमच्या सोबत्याची पोटरी सुजली, तेव्हा ‘काम चुकवतो’ असा शेरा त्याला मिळाला. चार दिवसांनी त्याचा श्वास कोंडला आणि तो गेला. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली होती, हे मागाहून कळले. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. माझा अधिकार एवढाच.

रक्त साखळणे हा काही देहाचा दोष नव्हे. बोट कापले असता त्यानेच रक्तस्राव थांबतो. फायब्रिनचे धागे विणले जातात आणि त्यांत रक्तपेशी अडकतात, जशी अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या जाळ्यात मासळी. पण काम झाल्यावर जाळे काढले नाही, तर होडीची वाटच बंद व्हायची. हे जाळे तोडणारा कामगार रक्तातच असतो. त्याचे नाव प्लाझ्मिन. हे एक एन्झाइम, म्हणजे विकर. एरवी ते प्लाझ्मिनोजेन या निद्रिस्त रूपात वावरते. रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटणारे दुसरे विकर त्याला गुठळीपाशी जागे करते.

ही गोष्ट उमगायला दोन शतके लागली. अचानक मृत्यू आलेल्यांचे रक्त पातळच राहते, हे इटलीच्या मोर्गाग्नीने 1761 साली नोंदले. 1893 साली फ्रान्सच्या दास्त्रने या विरघळण्याला नाव दिले. 1933 साली अमेरिकेत टिलेट आणि गार्नर यांना दिसले की, घसा बिघडवणाऱ्या जंतूंच्या रसानेही माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळते. त्यातूनच स्ट्रेप्टोकायनेज हे औषध निघाले. 1988 साली सतरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यात ते प्राण वाचवते, हे निर्विवाद ठरले.

आता कामगाराकडे वळू. 1940 साली लंडनवर बाँब पडत असता लोक आसऱ्याच्या जागी रात्ररात्र खुर्च्यांवर बसून काढीत. त्यांतील काही जण फुप्फुसातील गुठळीने दगावले, हे डॉ. कीथ सिंप्सन यांनी दाखवून दिले. 1947 साली बिग्ज आणि मॅक्फार्लेन यांनी सिद्ध केले की, जोरकस व्यायामानंतर रक्ताची गुठळी विरघळवण्याची शक्ती वाढते. 1953 साली डॉ. मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक कामगारांचा हिशेब मांडला: दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना अधिक.

आम्हा चळवळीतल्या माणसांना असा पुरावा फार गोड लागतो. म्हणूनच त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच 1956 साली गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांची कंबर नोकरीच्या आरंभापासूनच मोठी आढळली. आपल्याकडे पश्चिम रेल्वेच्या आरोग्य खात्यातील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी 1967 साली देशभरातील रेल्वे कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पंजाबपेक्षा मद्रासकडच्या कामगारांत या विकाराचे मृत्यू सुमारे सात पट निघाले. नोकरी एकाच रेल्वेची, तरी फरक एवढा! तेव्हा बसणे हे अनेक कारणांपैकी एक. सारा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

परंतु ज्या कारणावर आपला हात चालतो, ते का सोडावे? सलग पाच तासांहून अधिक काम नको, मध्ये किमान अर्धा तास विसावा हवा, आणि उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळताच बसायला आसन हवे, ही कलमे 1948 च्या कारखाने कायद्यात आली. हे लाड नव्हेत, हे त्या विकरांना कामाला लावणे आहे. बसणाऱ्याने मधून मधून उठावे, उभे राहणाऱ्याने पाय हलवावेत. आणि एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर तेल चोळीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

देहातील कामगार पगार मागत नाहीत आणि संपही पुकारीत नाहीत. पण त्यांच्यावर बोजा वाढला की ते थकतात. आमचा तो सोबती तक्रार करीत होता. ऐकणारा कोणी नव्हता. पुढच्याची तक्रार तरी ऐकली जावी, एवढ्यासाठी हे व्याख्यान.