पाद्री आल्वारिस आणि समेटाची वाट

ज्युबिलीचा उत्सव म्हणजे केवळ रोषणाई, मिरवणूक व मेजवानी नव्हे. प्राचीन इस्राएल लोकांत पन्नासाव्या वर्षीं दास मुक्त होत आणि हातची गेलेली वडिलार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत येई. त्या प्रथेवरूनच आपल्या महोत्सवास हें नांव मिळालें. तेव्हां अशा शुभप्रसंगीं ख्रिस्तसभेच्या घरांतील एका जुन्या देण्याघेण्याचा हिशेब वाचकांपुढें मांडणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कॅथॉलिक व ऑर्थोडॉक्स यांच्या दुराव्याची गोष्ट निघाली, कीं आपलें लक्ष रोम व कॉन्स्टँटिनोपल यांकडे जातें. १०५४ सालीं पोपच्या वकिलांनीं व पॅट्रिआर्कनें एकमेकांस बहिष्कृत केलें. १२०४ सालीं पाश्चात्य धर्मयोद्ध्यांनीं कॉन्स्टँटिनोपल लुटलें, आणि जो भेद विद्वानांचा होता तो सामान्य जनांच्या अंतःकरणांत शिरला. परंतु त्याहूनही जुनी एक फूट आहे. ४५१ सालच्या काल्सेदोनच्या धर्मपरिषदेनें ख्रिस्ताच्या दैवी व मानवी स्वभावांविषयीं जो निर्णय दिला, तो सिरियन, कॉप्टिक व आर्मेनियन मंडळ्यांनीं मानिला नाहीं. हिंदुस्थानांतील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बहुतेक सर्व याच दुसऱ्या शाखेचे आहेत.

मात्र आमच्या देशांत ही फूट काल्सेदोनच्या वादांतून निघाली नाहीं. संत थोमाचे म्हणविणारे मलबारी ख्रिस्ती शतकानुशतकें आपल्या सिरियन उपासनेनें देवाची भक्ति करीत होते. १५९९ सालीं गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनीं उदयंपेरूर येथें सभा भरवून त्यांच्या चालीरीति लॅटिन वळणावर आणिल्या. त्यांचे सिरियन ग्रंथ जाळण्यांत आले. अखेर १६५३ च्या ३ जानेवारीस मट्टांचेरी येथील क्रूसापाशीं शेंकडों लोकांनीं शपथ वाहून ती सत्ता झुगारली. अधिकार मोठा होता. परंतु समजूत घालण्याचा धीर त्यास नव्हता. तोच प्रसंग, दुसऱ्या रूपानें, आपल्या गोमंतकांत घडला. आणि त्याचा संबंध थेट पुण्याशीं पोहोंचतो.

१८८६ सालीं परमगुरु तेरावे लिओ व पोर्तुगालचा राजा यांच्यांत करार झाला. त्यानें हिंदुस्थानांतील पाद्रुआद, म्हणजे पोर्तुगीज राजाचा धर्मसंरक्षणाचा हक्क, मर्यादित झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या छायेखालीं असलेलीं कित्येक देवळें रोमच्या प्रोपागांदा संस्थेच्या बिशपांकडे गेलीं. त्याच वर्षाच्या १ सप्टेंबर रोजीं हिंदुस्थानची नवी धर्मव्यवस्था जाहीर होऊन आपला पुणें धर्मप्रांत जन्मास आला. ज्या व्यवस्थेचें फळ आपण कृतज्ञतेनें भोगतों, तिनेंच दुसऱ्या कांहीं घरांत अश्रु आणिले, हें आपण सहसा स्मरत नाहीं.

वेर्णें गांवीं १८३६ सालीं जन्मलेले पाद्री आंतोनियु फ्रान्सिस्कु झाव्हियेर आल्वारिस हे त्या दुःखितांचे पुढारी झाले. हे वृत्तपत्रकार होते. सरकारच्या व धर्माधिकाऱ्यांच्या दोषांवर निर्भीडपणें लिहीत. दक्षिण कानड्यांतील ब्रह्मावर येथील व सिलोनमधील लोकांची विनंति कोणी ऐकेना, तेव्हां ते मलबारच्या सिरियन ऑर्थोडॉक्स मंडळीकडे वळले; आणि १८८९ च्या २९ जुलै रोजीं कोट्टायम येथें मार युलियस या नांवानें त्यांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. रोमनें त्यांस बहिष्कृत केलें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं त्यांच्या मंडळीनें लॅटिन उपासनाविधि सोडिला नाहीं, व ऑर्थोडॉक्सांनींही तो सोडावयास लाविला नाहीं. वाद सिद्धांताचा नव्हता. तो अधिकाराचा व दुखावलेल्या मानाचा होता.

बहिष्कार म्हणजे काय, हें आम्हां सदाशिव पेठेंत राहणारांस निराळें सांगावें लागत नाहीं. आल्वारिस बिशप झाले त्याच्या पुढल्याच वर्षीं, १८९० च्या ऑक्टोबरांत, पंच हौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून रानडे, टिळक प्रभृतींवर ग्रामण्य आलें. पेठांतील वाड्यावाड्यांत पंक्तीचे प्रश्न उभे राहिले; शंकराचार्यांकडे प्रकरण गेलें; आणि शेवटीं प्रायश्चित्तानें तें मिटलें. रानड्यांच्या अनुयायांसही तें प्रायश्चित्त रुचलें नाहीं. तथापि घर मोडूं नये म्हणून तो थोर पुरुष वांकला. पुण्यास समेट झाला. गोव्यास तो झाला नाहीं.

१८९५ सालीं पोर्तुगीज सरकारनें मार युलियस यांस अटक करून त्यांचीं बिशपपदाचीं वस्त्रें उतरविलीं. पुढें त्यांनीं आपलें आयुष्य गरिबांच्या सेवेंत घालविलें. पटकीच्या उपचारांवर पुस्तिका लिहिली. १९२३ च्या २३ सप्टेंबर रोजीं रायबंदर येथें ते निवर्तले. शेवटपर्यंत ते कॅथॉलिक मंडळींत परतले नाहींत. आज त्यांच्या अस्थि रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स देवळांत आहेत, आणि ब्रह्मावर हें २०१० पासून त्या मंडळीचें स्वतंत्र धर्मप्रांत आहे.

आतां समेटाची आशा किती, तें पाहूं. १९६४ च्या जानेवारींत परमगुरु सहावे पॉल व पॅट्रिआर्क अथेनागोरास यरुशलेमास भेटले, आणि १९६५ च्या ७ डिसेंबर रोजीं १०५४ चे परस्पर बहिष्कार उभयतांनीं स्मृतींतून पुसून टाकिले. १९६४ च्या डिसेंबरांत हेच परमगुरु युखारिस्तिक काँग्रेससाठीं मुंबईस आले, तेव्हां मलंकर ऑर्थोडॉक्स मंडळीचे कॅथॉलिकॉस मार औगेन यांची व त्यांची भेट झाली. १९८९ सालीं या दोन मंडळ्यांचें संयुक्त आयोग स्थापन झालें. १९९० सालीं त्यानें जाहीर केलें, कीं ख्रिस्ताविषयींचा उभयतांचा विश्वास मूलतः एकच आहे. पंधराशें वर्षांचा तो वाद पुष्कळ अंशीं शब्दांचा होता! २००१ सालीं परमगुरु दुसरे जॉन पॉल यांनीं अथेन्स येथें कॅथॉलिकांच्या जुन्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत, निकेयाच्या धर्मपरिषदेस सतराशें वर्षें झालीं त्यानिमित्त, परमगुरु चौदावे लिओ व पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनीं त्याच स्थळीं एकत्र प्रार्थना केली.

तथापि भाबडी आशा कामाची नव्हे. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेनें सांगितलेला पोपचा सार्वत्रिक अधिकार पूर्वेकडील कोणत्याही ऑर्थोडॉक्स मंडळीस मान्य नाहीं. ऑर्थोडॉक्सांतही आपसांत भेद आहेत. २०१८ सालीं मॉस्कोनें कॉन्स्टँटिनोपलशीं सहभागिता तोडिली, आणि मलंकर ऑर्थोडॉक्स व जेकोबाइट यांचा देवळांवरील तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शिवाय १९३० च्या २० सप्टेंबर रोजीं मार इवानियोस रोमशीं एकरूप झाले, तें आपणांस आनंदाचें. परंतु ज्यांचे बंधु गेले त्या ऑर्थोडॉक्सांस तें दुःखाचें वाटतें. म्हणूनच १९९३ सालीं बालामंद येथें दोन्ही पक्षांच्या धर्मपंडितांनीं ठरविलें, कीं एका मंडळीचे लोक दुसरीकडे ओढून घेणें हा ऐक्याचा मार्ग नव्हे.

मग आपण सामान्य धर्मग्रामस्थांनीं काय करावें? पुण्यांत हे सर्व बंधु आपल्या शेजारींच आहेत. खडकीस सिरो-मलंकर कॅथॉलिकांचा धर्मप्रांत आहे. मलंकर ऑर्थोडॉक्सांचीं देवळें याच शहरांत आहेत. त्यांच्या सणास जावें, त्यांच्या दुःखांत उभें राहावें, आणि त्यांचा इतिहास त्यांच्या तोंडून ऐकावा. याच सदाशिव पेठेंत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून शिकवीत आलें आहे, कीं अस्सल कागद पाहिल्यावांचून कोणासही दोषी ठरवूं नये. आल्वारिसांविषयीं आपल्या घरांत ‘फितूर पाद्री’ एवढेंच ऐकूं येत असेल, तर तो कागद पुन्हां उघडावा. त्यांचें सर्वच कृत्य योग्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. गुरूची आज्ञा मोडणें हें लहान पातक नव्हे. परंतु ज्यांनीं त्यांची विनंति ऐकिली नाहीं, त्यांचाही वांटा त्या पातकांत आहे, इतकें कबूल करण्यास आपली श्रद्धा समर्थ असली पाहिजे.

सिद्धांतांचा वाद पंडित मिटवितील. मानाची जखम मात्र पंडितांच्या सहीनें भरत नाहीं. ती शेजाऱ्यानें शेजाऱ्याची क्षमा मागितल्यानें भरते. आपले सर्व अनुयायी एक व्हावे, अशी प्रार्थना प्रभु येशूनें आपल्या मरणाच्या आदल्या रात्रीं केली. ज्युबिलीच्या या वर्षीं तीच प्रार्थना आपल्या मुखीं असो, आणि हातची गेलेली ती जमीन, म्हणजे आपल्या बंधूंचें प्रेम, पुनः आपल्या कुटुंबास लाभो. तथास्तु.