शेंबडातल्या तांबूस पेशी

‘शेंबडं पोर’ हे आपल्याकडे वर्णनही आहे आणि शिवीही. ते पोर शेंबडं का, याचे उत्तर शेंबडातच शोधावे, हे मात्र वैद्यकाला फार उशिरा सुचले. सूक्ष्मदर्शकावर नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला या दिरंगाईचे कुतूहल वाटते.

१८७९ साली बर्लिनमध्ये पाउल एर्लिश काचेवर सुकवलेल्या रक्ताच्या थरावर कृत्रिम रंग चढवून पाहत होते. काही पांढऱ्या पेशींतले दाणे इओसिन हा तांबूस रंग अधाशासारखा शोषून घेत. त्या पेशींना इओसिनोफिल हे नाव मिळाले. त्यांचे काम काय, हे कोडे पुढे बरीच वर्षे राहिले.

इंग्लंडात वेगळीच चौकशी चालली होती. जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ साली लंडनच्या वैद्यकसभेत दर उन्हाळ्यात उद्भवणाऱ्या शिंका व डोळ्यांच्या दाहाची हकिकत वाचली. रुग्ण ते स्वतःच होते, आणि दुखणे बालपणापासूनचे. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३च्या ग्रंथात त्याचा दोष परागकणांवर ठेवला. तेही स्वतःच्या नाकावर आणि कातडीवर प्रयोग करून. स्वतःचे दुखणे शब्दांत मांडू शकणारी ही प्रौढ माणसे. चार वर्षांचे मूल ‘नाकात खाजतंय’ एवढेही धड सांगत नाही. तळहाताने नाक वर ढकलत राहते, आणि कालांतराने नाकावर आडवी रेघ उमटते.

त्याच्या वतीने काचपट्टी बोलू लागली ती अमेरिकेत. १९२७ साली आयरमन यांनी अ‍ॅलर्जीच्या रुग्णांच्या नाकातील स्रावात इओसिनोफिल आढळतात असे नोंदवले. १९३४ साली फ्रेंच हॅन्सेल यांनी त्या पेशींचा सविस्तर अभ्यास मांडला. (फ्रेंच हे त्यांचे नाव, माणूस अमेरिकन.) इओसिन आणि मेथिलिन ब्लू यांचे मिश्रण असलेला रंग आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. मूल मेणकागदावर नाक शिंकरते, स्राव काचेवर पसरून सुकवायचा, रंगवायचा. तांबूस दाण्यांच्या पेशींचे थवे दिसले तर संशय अ‍ॅलर्जीचा. न्यूट्रोफिल आणि त्यांनी गिळलेले जिवाणू दिसले तर जंतुसंसर्गाचा. वर्षात चौथ्यांदा अँटिबायोटिक घेणाऱ्या मुलासाठी हा फरक किरकोळ नाही.

आपल्याकडे तर रक्तातले इओसिनोफिल जंतांमुळेही वाढतात. ‘इस्नोफिलिया’ हा शब्द घरोघरी पोचला, पण त्या आकड्यावरून नाकाचे निदान करणे धोक्याचे. त्यापेक्षा नाकालाच विचारलेले बरे.

१९६६-६७मध्ये डेन्व्हरचे इशिझाका दांपत्य आणि उप्सालाचे योहानसन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे आयजीई हे प्रतिपिंड उजेडात आणले. रक्ताच्या व कातडीच्या चाचण्यांपुढे काचपट्टी मागे पडली. तिच्या उणिवाही खऱ्या आहेत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या नाकात या पेशी एरवीही सापडतात. अ‍ॅलर्जी नसताना त्या नाकात गर्दी करतात, अशा विकाराचे वर्णन १९८१ साली आले. म्हणजे काचपट्टी नेमका गुन्हेगार सांगत नाही. तरीही तिला अडगळीत टाकण्यात घाई झाली, असे माझे मत आहे. कोणत्या धुळीची अ‍ॅलर्जी, हे विचारण्याआधी अ‍ॅलर्जी असावी का, हे ती थोड्या पैशांत सुचवते.

खरी अडचण तंत्राची नाहीच. लहान मुलाला हुकमी शिंकरता येत नाही; मग नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील खालच्या मांसल घडीवरून नाजूक चमच्याने हलकेच खरवडावे लागते, आणि तेवढा वेळ त्याचे डोके कुणीतरी धरून ठेवावे लागते.