शाळेचे मैदान आणि पक्ष्यांची घरटी : एक ऐतिहासिक मागोवा

अमरावती नगरीत १८९७ साली राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन भरले, हे आपण अभिमानाने सांगतो. या सभेच्या संस्थापकांपैकी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे थोर पक्षिशास्त्रज्ञही होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. भारतीय पक्ष्यांची घरटी व अंडी यांवरील त्यांचा ग्रंथ १८७३ साली निघाला. त्याच वर्षी त्यांनी रानपिंगळ्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे पक्षी टिपणे आणि घरट्यातील अंडी उचलून पेटीत जपणे. पुढे ह्यूम थिऑसॉफीकडे वळले, शाकाहारी झाले आणि नमुन्यांसाठी पक्षी मारणे त्यांनी सोडून दिले. १८८५ साली सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह त्यांनी ब्रिटिश संग्रहालयास अर्पण केला.

घरटे जागेवरच ठेवून केवळ पाहण्याने केवढे ज्ञान मिळते, हे डॉ. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळील किहीम येथे दाखविले. शिडीवर आडोसा करून त्यांनी सुगरणीचे खोपे न्याहाळले. नर अर्धा खोपा विणतो, मादी तो पारखते, पसंत पडल्यावरच तो पुरा होतो आणि नर दुसऱ्या खोप्याच्या कामाला लागतो, हे त्यातून उलगडले.

ह्यूम यांचा रानपिंगळा १८८४ नंतर शास्त्रज्ञांना दिसला नव्हता. तो १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा आढळला आणि पुढे आपल्या मेळघाटातही.

परंतु मेळघाट सर्वांनाच गाठता येत नाही. शाळेचे मैदान मात्र प्रत्येक मुलाजवळ आहे. उन्हाळी सुट्टीत मैदान निवांत झाले की टिटवी खड्यांमध्ये उथळ खळगा करून बहुधा चार अंडी घालते. अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. नर-मादी दोघेही आळीपाळीने अंड्यांवर बसतात. सुमारे चार आठवड्यांनी निघालेली पिले लगेच चालू लागतात व आईबापांचा इशारा होताच जमिनीशी निपचित पडून राहतात. बेसावध पाऊल किंवा मैदानाची साफसफाई एवढ्यानेही हा संसार मोडू शकतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे ही शिकारच ठरते. श्री. मारुती चितमपल्ली (५ नोव्हेंबर) व डॉ. सलीम अली (१२ नोव्हेंबर) यांच्या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्र शासनाने २०२० साली पक्षी सप्ताह घोषित केला. शाळांना ही उत्तम संधी आहे. तथापि, टिटवीचा संसार उन्हाळ्यात थाटलेला असतो. म्हणून सुट्टीतही खळग्याभोवती चार दगड मांडून ठेवावेत आणि मुलांना दुरूनच पाहण्यास, पाहिलेले वहीत तारीखवार लिहिण्यास शिकवावे. जीवदयेचा संस्कार आणि विज्ञानाची शिस्त या दोहोंचा पहिला पाठ त्या वहीतच गिरवला जाईल.