घराण्याबाहेर पडलेली बंदिश

मोबाइलवरचं अ‍ॅप कागदाच्या कडा ओळखून वाकडा फोटो सरळ करून देतं, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा ओपनसीव्ही नावाची लायब्ररी असते. मी ती अँड्रॉइड अ‍ॅप्समध्ये बसवतो. काम आज सोपं झालंय. पण त्यातली प्रत्येक पायरी अशीच का, असं विचारत मागे गेलं की आपण थेट १९९९ सालात पोचतो.

त्या वर्षी इंटेलमध्ये गॅरी ब्रॅडस्की यांनी हा प्रकल्प सुरू केला. विद्यापीठांमध्ये फिरताना त्यांना दिसलं होतं की एमआयटी मीडिया लॅबसारख्या मोजक्या ठिकाणी संगणकाला 'बघायला' शिकवणारा कोड एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जातो. गायकाच्या घराण्यात बंदिश जावी, तसा. घराण्यातला विद्यार्थी पहिल्याच दिवशी पुढे असायचा. बाहेरच्याला सगळं शून्यापासून लिहावं लागायचं. ही बंदिश सगळ्यांना द्यायची, असं ठरलं. २००० साली पहिली चाचणी आवृत्ती जाहीर झाली. तिच्यावर वादिम पिसारेव्स्की आणि इंटेलच्या रशियातल्या अभियंत्यांनी मोठं काम केलं होतं.

इंटेलनं हे निव्वळ दानधर्म म्हणून केलं नव्हतं. चित्रं वाचणारे प्रोग्रॅम प्रोसेसरला घाम फोडतात. ते जितके पसरतील, तितके वेगवान प्रोसेसर विकले जातील, हा साधा हिशोब होता.

घाम फुटतो म्हणजे किती? १९२० बाय १०८० चं एक चित्र म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. सेकंदाला तीस चित्रं धरली, तर ठिपके सहा कोटींवर जातात. म्हणून लायब्ररी आधी सी आणि मग सी प्लस प्लसमध्ये लिहिली गेली, आणि प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी तिची वेगळी प्रत तयार करावी लागते. 'नेटिव्ह' म्हणतात ते हेच.

अँड्रॉइडची अ‍ॅप्स मात्र जावात, आता कोटलिनमध्ये लिहितात. दोन भाषांमधला पूल, जेएनआय, जावानं १९९७ मध्येच बांधला होता. गूगलनं २००९ मध्ये अँड्रॉइडसाठी नेटिव्ह कोड लिहायची साधनं दिली आणि २०१० च्या डिसेंबरात ओपनसीव्ही अँड्रॉइडवर आली. २०१२ च्या सुमारास एक अजब पद्धत होती: तुमचं अ‍ॅप चालायला वापरणाऱ्यानं 'ओपनसीव्ही मॅनेजर' हे दुसरं अ‍ॅप घ्यायचं. एकच प्रत सगळ्या अ‍ॅप्सनी वाटून घ्यावी, हा त्यामागचा विचार. पण नवं अ‍ॅप उघडताच 'आधी दुसरं घ्या' म्हटलं, तर कोण थांबणार? पुढे लायब्ररी अ‍ॅपच्या पोटातच जाऊ लागली. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ४.९.० आवृत्तीपासून ती मेव्हन सेंट्रलवर मिळते. ग्रेडलच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची आणि अ‍ॅप सुरू होताना 'इनिटलोकल' हे फंक्शन बोलवायचं. ते विसरलात तर पूल जोडलाच जात नाही आणि 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर' देऊन अ‍ॅप बंद पडतं.

त्या एका ओळीतून चार प्रती येतात: आर्म ३२ आणि ६४ बिट, एक्स८६ ३२ आणि ६४ बिट. २०१९ पासून प्ले स्टोअरला ६४ बिटची प्रत लागतेच. एक्स८६ ही इंटेलची जात. तिच्यावर चालणारे फोनही आले होते. पहिला, लाव्हाचा झोलो एक्स९००, एप्रिल २०१२ मध्ये भारतातच विकायला आला. २०१६ मध्ये इंटेलनं फोनच्या चिपमधून अंग काढून घेतलं. आता फोनमध्ये आर्मचं राज्य आहे. एक्स८६ ची प्रत मुख्यतः संगणकावरच्या एम्युलेटरला लागते. अ‍ॅप हलकं करायचं तर आपण तीच वगळतो. ज्यांनी लायब्ररी वाटली, त्यांचंच फोल्डर!

म्हणजे, निदान फोनपुरता, इंटेलचा हिशोब चुकला. माझ्या मते ब्रॅडस्कींचा मात्र जुळला. कुठल्याही लॅबचा वारसा नसलेली पॉलिटेक्निकमधली मुलगी आज ती एक ओळ लिहिते आणि घराण्यातल्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसून सुरुवात करते. तिनं काढलेला फोटो तिच्याच फोनमध्ये वाचला जातो, सर्व्हरकडे पाठवावा लागत नाही. पुढचं गाणं अर्थात तिचं तिलाच गायचं आहे.