भोपळ्याची सांगड

‘सांगड’ हा शब्द आज ‘मेळ’ या अर्थाने रूढ असला, तरी त्याचा जुना अर्थ पाण्याशी निगडित आहे. दोन भोपळे, ओंडके किंवा होड्या एकमेकांस बांधून तयार केलेल्या तरंगत्या साधनास सांगड म्हणत. त्यांपैकी भोपळ्याचा आधार नवशिक्या पोहणाऱ्यासही मिळे.

पठारावर उन्हाळ्यात नद्या आटत असल्याने विहीर हीच पोहण्याची शाळा ठरे. परंतु पायविहिरीत, म्हणजे पाण्यापर्यंत पायऱ्या बांधलेल्या विहिरीत, शेवटची पायरी सोडताच पायाखालचा आधार संपतो. ही अडचण सुकवून पोकळ केलेला, भोक नीट बुजवलेला दुधी भोपळा किंवा वजनाला हलक्या अशा पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधून सोडवली जाई. घाबरलेला नवशिका डोके वर काढू पाहतो, त्यामुळे त्याचे पाय खाली जातात आणि शरीर उभे होऊन बुडू लागते; पाठीवरचा भोपळा मात्र धड वर उचलून धरीत असल्याने शरीर आडवे राहते आणि हातपाय मारण्यास मोकळे होतात. सोबत कमरेला दोर बांधून त्याचे टोक काठावरच्या जाणत्याच्या हाती दिले जाई. पुढे भोपळ्याची जागा झाकण घट्ट बसवलेल्या पत्र्याच्या डब्याने आणि नंतर मोटारीच्या रबरी ट्यूबने घेतली, तरी तत्त्व तेच राहिले.

ही शाळा सर्वांना खुली मात्र नव्हती. ज्या समाजात सार्वजनिक पाणी पिण्याच्या हक्कासाठी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तेथे गावच्या विहिरीत कोणी उतरावे हे जातीवर ठरत असे, आणि मुलींच्या वाट्याला ही मोकळीक क्वचितच येई.

शहरांत एका टोकाला उथळ असलेले तरणतलाव आले, तेव्हा भोपळ्याचे काम तलावाच्या फरशीने उचलले. मात्र फरशीवर उभा राहणारा नवशिका भीती वाटताच पाय टेकतो, तर विहिरीतल्या मुलाला टेकण्यास तळच नसल्याने पाण्यावर अंग सोडून देणे हाच त्याचा पहिला धडा असे. हातपाय मारण्याचे कसब त्यानंतर येई.