बाळ लगेच रडलं ना?

आपल्याकडे बाळंतपणाची बातमी आली की आजीमावश्यांचा पहिला प्रश्न हाच. आणि प्रश्न अगदी रास्त आहे. बाळ रडायला उशीर झाला की मेंदूला रक्त, प्राणवायू कमी पडला की काय अशी भीती. पण समजा पडलाच कमी, तर नुकसान नक्की कधी होतं? त्याच क्षणी?

याचं उत्तर आलं भौतिकशास्त्राच्या आडवाटेने. १९४६ साली ब्लॉक आणि पर्सेल यांनी चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रकांचे रेडिओ सिग्नल पकडले (१९५२चं नोबेल दोघांना मिळालं). पुढे कळलं की एकाच मूलद्रव्याचा सूर रेणूगणिक जरासा बदलतो. हीच स्पेक्ट्रोस्कोपी. एमआरआय चित्र काढतो, ही रसायनं मोजते! ऑक्सफर्डच्या जॉर्ज राडा आणि मंडळींनी १९७४मध्ये उंदराच्या स्नायूतला फॉस्फरस असा 'ऐकला'.

१९८३मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या मेंदूवर तेच केलं. पेशीचा रोजचा खर्च चालतो एटीपीवर. फॉस्फोक्रिएटिन म्हणजे गाठीला बांधलेली पुंजी. रक्त आटलं की आधी पुंजी मोडते आणि सुटा फॉस्फेट वाढतो. या दोघांचं गुणोत्तर म्हणजे मेंदूचं पासबुकच म्हणा ना.

गंमत पुढेच आहे... म्हणजे गंमत कसली! १९८४मध्ये त्यांनी जन्मताना गुदमरलेल्या बाळांचे आलेख छापले. पहिल्या दिवशी बऱ्याच जणांचा आलेख जवळपास नॉर्मल. पुंजी आटत गेली ती नंतरच्या दिवसांत, रक्त आणि प्राणवायू परत मिळत असूनसुद्धा. जिची पातळी फारच घसरली, ती बाळं दगावली किंवा कायमची अधू झाली.

म्हणजे मध्ये काही तास हातात होते! १९९५मध्ये डुकराच्या पिलांना थंड ठेवून ही दुसरी घसरण कमी करता आली. आज अशा बाळांना सहा तासांच्या आत गार करायला घेतात आणि ३३-३४ अंशांवर ७२ तास ठेवतात. ब्रिटनमधल्या 'टोबी' चाचणीत (२००९) वाचलेल्यांपैकी धडधाकट राहिलेली बाळं वाढली.

मात्र भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या 'हेलिक्स' चाचणीत (२०२१) गार केलेली बाळं जास्त दगावली. मला हा निकाल वाचून धक्काच बसला. आपल्याकडे मेंदूला झळ प्रसूतीच्या आधीपासूनच हळूहळू लागत असावी, हा त्यावरचा एक अंदाज. तसं असेल, तर ते मधले तास आपल्या बाळांच्या बाबतीत जन्माआधीच संपलेले असतात की काय?